सीलाकांथ : पाच वर्षं पोटात पिल्लं सांभाळणारा मासा

लोकलमध्ये असाल, बसमध्ये असाल, भांडी घासता घासता ऐकत असाल, जिथे असाल तिथे स्वागत. आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हे लिखित रूप. बोलताना जे ‘अं’ आणि ‘म्हणजे’ येतात ते काढलेत, बाकी बोलले तसंच ठेवलंय.

गेल्या आठवड्यात तुमच्यापैकी चौघांनी मला एकच रील पाठवली. काळंनिळं पाणी, मागे भुताच्या सिनेमातलं संगीत, आणि एका गुहेच्या तोंडाशी तरंगणारा एक जाडजूड, निळसर मासा. अंगावर पांढरे ठिपके. वर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, की हा मासा ४० कोटी वर्षांत जराही बदललेला नाही, डायनासोर संपले पण हा संपला नाही. आणि खाली कोणीतरी कमेंट टाकली होती : ‘याला काही होत नसतं, हा आपल्या सगळ्यांना पुरून उरणार.’

त्या माशाचं नाव सीलाकांथ. रीलमधलं अर्धं खरं आहे, अर्धं ओढूनताणून. पण माझं खरं भांडण त्या कमेंटशी आहे. ‘याला काही होत नसतं’ हे वाक्य या माशाबद्दल जितकं चुकीचं आहे तितकं फार कमी प्राण्यांबद्दल असेल. का, ते सांगते. त्याआधी गोष्ट सांगावी लागेल, आणि गोष्ट भारी आहे, त्यामुळे घाई करणार नाही.

१९३८ साल, डिसेंबरची २२ तारीख. दक्षिण आफ्रिकेत ईस्ट लंडन नावाचं बंदर आहे. इंग्लंडमधल्या लंडनशी त्याचा नावापुरताच संबंध. दक्षिण गोलार्ध असल्यामुळे नाताळ भर उन्हाळ्यात येतो, हे लक्षात ठेवा, कारण पुढे वासाचा प्रश्न येणार आहे. या गावात एक छोटंसं संग्रहालय होतं आणि त्याच्या क्युरेटर होत्या मार्जोरी कोर्टनी-लॅटिमर. वय ३१. आपण त्यांना लॅटिमरबाई म्हणू. त्यांच्याकडे कॉलेजची पदवी नव्हती. नर्सिंग शिकायला जायचं ठरत होतं, तेवढ्यात २४व्या वर्षी ही नोकरी मिळाली. पक्षी, अंडी, शिंपले, झाडपाला, लहानपणापासून याचंच वेड. आणि त्यांनी एक हुशारीचं काम केलं होतं : बंदरावरच्या मासेमारी बोटवाल्यांशी ओळख ठेवली होती. जाळ्यात काही वेगळं आलं तर फेकू नका, मला फोन करा.

त्या दिवशी सकाळी फोन आला. ‘नरीन’ नावाचा ट्रॉलर परत आलाय, कॅप्टन हेंड्रिक गूसेन यांनी तुमच्यासाठी मासळीचा ढीग काढून ठेवलाय. लॅटिमरबाई कामात होत्या, एका प्राचीन सरपटणाऱ्या प्राण्याचा सांगाडा जुळवत होत्या. जावं की न जावं? मग वाटलं, नाताळ तोंडावर आलाय, निदान बोटीवरच्या लोकांना शुभेच्छा तरी देऊन येऊ. माणुसकी म्हणून मारलेली चक्कर. विज्ञानाच्या इतिहासात अशा चकरांची नोंद फारशी होत नाही.

ट्रॉलरवर ढीग होता. मुशी, पाकट, समुद्रफुलं, नेहमीचं सगळं. आणि त्या ढिगाखालून एक निळा पर बाहेर आलेला. वरचे मासे बाजूला केल्यावर जे दिसलं ते त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. जवळजवळ दीड मीटर लांब, ५७ किलोच्या आसपास वजन. फिकट जांभळट निळा रंग, त्यावर चंदेरी झाक. चिलखतासारखे कडक खवले. आणि पर कसे, तर माशाला असतात तसे पातळ पंखे नाहीत. आधी एक मांसल दांडा, जणू आखूड हात, आणि त्याच्या टोकाला पर. शेपटी तीन भागांची, मधोमध एक छोटं शेपूट वेगळं. बोटीवरच्या एका म्हाताऱ्या खलाशाने सांगितलं, तीस वर्षं समुद्रात आहे, असा मासा पाहिला नाही.

आता ५७ किलोचा मासा, कडक ऊन. लॅटिमरबाई आणि त्यांचा मदतनीस टॅक्सीत घालून नेऊ लागले तर टॅक्सीवाला म्हणे हा घाण वासाचा मासा माझ्या गाडीत नको. (तुम्ही सुकटीची पिशवी घेऊन कधी एसी बसमध्ये चढला असाल तर दोन्ही बाजू समजतील.) शेवटी डिकीत घालून नेला. संग्रहालयाच्या अध्यक्षांनी पाहिलं आणि खडकाळ भागातला साधा मासा म्हणून निकालात काढलं. बाईंना पटलं नाही. मासा टिकवायचा तर थंडावा हवा. गावात दोनच जागा : शीतगृह आणि शवागार. दोन्हीकडून नकार. मग एका पेंढा भरणाऱ्या कारागिराकडे नेला, फॉर्मालिन होतं नव्हतं तेवढं वर्तमानपत्रांवर शिंपडून त्यात गुंडाळला, वरून चादर. दुसऱ्या दिवशी, २३ तारखेला, त्यांनी एक पत्र लिहिलं आणि सोबत हाताने काढलेलं माशाचं चित्र जोडलं. पत्र होतं ग्रॅहम्सटाउनच्या रोड्स विद्यापीठातल्या जे. एल. बी. स्मिथ यांना. गंमत म्हणजे स्मिथ तिथे शिकवायचे रसायनशास्त्र. मासे हा त्यांचा छंद, पण छंद असा की त्या भागातले लोक माशांबद्दल त्यांनाच विचारायचे.

स्मिथ सुट्टीवर दुसऱ्या गावी. नाताळातली टपालव्यवस्था. पत्र त्यांना मिळालं ३ जानेवारीला.

चित्र पाहून ते हादरले. कारण असा मासा त्यांनी पाहिला होता, पण दगडात. सीलाकांथ हे नाव एकोणिसाव्या शतकात लुई अगासिझ यांनी जीवाश्मावरून दिलेलं होतं. ग्रीकमध्ये अर्थ ‘पोकळ काटा’. या कुळाचे जीवाश्म सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीपासून मिळतात आणि साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, डायनासोर जातात त्याच सुमाराला, दगडातून नाहीसे होतात. म्हणून सगळ्या शास्त्रज्ञांनी ठरवलं होतं : संपला. आणि आता एक बाई लिहितायत की परवा ट्रॉलरवर आलाय, सध्या चादरीत गुंडाळलाय.

स्मिथनी लगेच तार केली, सांगाडा आणि कल्ले काहीही करून जपा. पण तोवर उशीर झाला होता. उन्हाने मासा सडायला लागला, तेल गळायला लागलं, म्हणून कारागिराने कातडं काढून पेंढा भरला होता आणि आतलं सगळं फेकून दिलं होतं. स्मिथ प्रत्यक्ष मासा पाहायला पोचले ते १६ फेब्रुवारीला. एका नजरेत खात्री पटली. त्यांनी नाव ठेवलं लॅटिमेरिया चालुम्नी. पहिला शब्द बाईंच्या नावावरून, दुसरा चालुम्ना नदीवरून, कारण तिच्या मुखाजवळच्या समुद्रात तो मिळाला होता. पदवी नसलेल्या, अध्यक्षांनी खोडून काढलेल्या बाईंचं नाव त्या माशाला आहे, आणि ते तसं ठेवल्याबद्दल मी स्मिथना पूर्ण मार्क देते.

पुढची १४ वर्षं स्मिथ दुसरा मासा शोधत होते. पहिल्याची आतडी, मेंदू, हृदय, काहीच हाती नव्हतं ना. त्यांनी इंग्रजी, फ्रेंच आणि पोर्तुगीजमध्ये पत्रकं छापली, माशाचा फोटो आणि १०० पौंडांचं बक्षीस, आणि आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर वाटली. १९५२च्या डिसेंबरात, पुन्हा नाताळच, कोमोरोस बेटांवरून तार आली. कोमोरोस म्हणजे मादागास्कर आणि आफ्रिका यांच्या मधला छोटा बेटसमूह. तिथल्या अंजुआन बेटावर अहमदी अब्दल्ला नावाच्या कोळ्याने एक मासा धरला होता, आणि एरिक हंट नावाच्या बोटवाल्या व्यापाऱ्याने तो मीठ, फॉर्मालिन जे मिळेल त्यात जपून ठेवला होता. स्मिथनी थेट पंतप्रधानांना फोन केला. पंतप्रधान कोण, तर डी. एफ. मलान, ज्यांच्या सरकारने वर्णभेद कायद्यात बसवला ते. त्यांनी लष्कराचं डकोटा विमान दिलं. स्मिथ गेले, मासा पाहिला, गुडघ्यावर बसले आणि रडले. या माशाला त्यांनी मलान यांचं नाव दिलं, कारण पाठीवरचा एक पर नव्हता म्हणून त्यांना वाटलं ही वेगळी जात आहे. नंतर कळलं की जात तीच, पर कुठेतरी गमावला असणार. नाव बाद झालं. लॅटिमरबाईंचं राहिलं.

पण इथे थांबा. जगातल्या वर्तमानपत्रांनी ‘शोध’ म्हणून मथळे छापले तेव्हा कोमोरोसचे कोळी काय म्हणत होते? ते म्हणत होते, हा तर गोंबेसा. त्यांच्या भाषेत या माशाला नाव होतं. रात्री खोल पाण्यात गळ टाकून दुसरा एक तेलकट मासा धरताना तो अधूनमधून लागायचा. खायला बेकार, मांसात तेल इतकं की पोट बिघडतं. त्याचे खरखरीत खवले सायकलच्या ट्यूबला पंक्चरचा तुकडा चिकटवण्याआधी रबर घासायला वापरायचे, असं सांगतात. म्हणजे ज्या माशासाठी पंतप्रधानांचं विमान उडालं, तो इकडे सँडपेपर होता. मला यात कोणाला हसायचं नाहीये. ‘हरवला होता, सापडला’ असं आपण म्हणतो तेव्हा कोणाकडून हरवला होता, एवढंच विचारायचंय.

हेच पुन्हा झालं इंडोनेशियात. १९९७ मध्ये मार्क अर्डमन हा सागरी जीवशास्त्रज्ञ आणि त्याची बायको हनिमूनला सुलावेसीच्या मानाडो गावात मासळीबाजारात फिरत होते, आणि एका हातगाडीवर सीलाकांथ चालला होता. कोमोरोसपासून जवळपास १० हजार किलोमीटर लांब. फोटो काढले, मासा विकला गेला. पुढच्या वर्षी तिथल्याच कोळ्याने दुसरा आणून दिला. तो निळा नव्हता, तपकिरी होता, आणि आता ती वेगळी जात मानतात. स्थानिक नाव? ‘राजा लाउत’. म्हणजे समुद्राचा राजा. ‘राजा’ शब्द ओळखीचा वाटतोय ना, तो तिकडेही पोचलाय.

आता रीलमधला दावा : ४० कोटी वर्षांत न बदललेला. आधी हे समजून घ्या की आज जी जात जिवंत आहे ती ४० कोटी वर्षांपूर्वी नव्हती. लॅटिमेरिया या प्रजातीचा एकही जीवाश्म मिळालेला नाही. जे ४० कोटी वर्षं जुनं आहे ते कुळ, खानदान. आणि त्या खानदानात काय काय होऊन गेलं! काही वीतभर, काही आजच्यापेक्षा कितीतरी मोठे. एकाची शेपटी चक्क दुभंगलेली, वेगाने पोहणाऱ्या शिकारी माशासारखी. काही समुद्रात, काही नदी-तळ्यांत.

आणि त्यातला एक आपल्याकडचा. गडचिरोली जिल्ह्यात, सिरोंचा तालुक्यात, प्राणहितेच्या काठी कोटा नावाचं गाव आहे. प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातल्या जुरासिक काळातल्या खडकांच्या एका थराला भूशास्त्रज्ञ या गावाच्या नावाने ओळखतात : कोटा फॉर्मेशन. बारापासॉरस हा भारतातला प्रसिद्ध डायनासोर याच थरातला. १९७४ साली एस. एल. जैन यांनी याच कोटा खडकांमधून एका सीलाकांथच्या जीवाश्माचं वर्णन प्रसिद्ध केलं. भारतातला पहिला. नाव, इंडोसीलाकांथस रोबस्टस. आज जिथे तेंदूपानं गोळा करतात, त्या पट्ट्यात कधीकाळी तळी होती, त्या तळ्यांत मासे होते आणि काठाला डायनासोर चरत होते. मला हे कळलं तेव्हा मी दोन वेळा नकाशा उघडून बघितला.

याचा मुद्द्याशी संबंध असा : पूर्वीचे बरेच सीलाकांथ उथळ किंवा गोड्या पाण्यातले. आजचा राहतो दीडशे-दोनशे मीटर खोल, खडकाळ उतारांवर. म्हणजे खोल पाणी हे त्याचं मूळ गाव नाही, तिथे तो नंतर स्थायिक झालाय. हा बदलच आहे की! आणि दगडांतून तो का गायब झाला, तेही यातूनच थोडं समजतं. खोल समुद्रातल्या ज्वालामुखीच्या कड्यांवर मेलेल्या माशाचे जीवाश्म कुठे बनणार, आणि बनले तरी हातोडी घेऊन तिथे कोण जाणार?

‘जिवंत जीवाश्म’ हा शब्द डार्विनचा, १८५९चा. लक्षात राहतो, म्हणून चिकटला. पण त्याने डोक्यात असं चित्र बसतं की हा मासा दगडाचाच आहे, काळ त्याला लागतच नाही. २०१३ मध्ये याचा पूर्ण जनुकसंच वाचला गेला. त्यात दिसलं की प्रथिनं बनवणारी जनुकं इतर पाठीच्या कण्याच्या प्राण्यांपेक्षा हळू बदलतायत. हळू. थांबलेली नाहीत. त्याच अभ्यासाने अजून एक गोष्ट स्पष्ट केली. जमिनीवर चालत आलेल्या पूर्वजांचा, म्हणजे बेडूक, पाली, गायी, तुम्ही-मी यांचा, माशांमधला सर्वांत जवळचा जिवंत नातेवाईक सीलाकांथ नाही, तर हवेत श्वास घेणारा लंगफिश आहे. सीलाकांथ थोडा लांबचा भाऊबंद. लग्नात भेटला तर ओळख लागेल, पण पणजोबा नव्हे.

तरी नातं दिसतं. त्या मांसल परांच्या आत हाडं आहेत, आपल्या दंडाच्या हाडाशी नातं सांगणारी. हान्स फ्रिके या जर्मन शास्त्रज्ञाने १९८७ मध्ये दोन माणसांच्या छोट्या पाणबुडीतून कोमोरोसजवळ उतरून हा मासा पहिल्यांदा त्याच्या घरात जिवंत चित्रित केला. तोवर स्मिथसकट अनेकांना वाटत होतं की हा या चार पायांवर समुद्रतळाशी चालत असेल. स्मिथनी पुस्तकाचं नावच ‘ओल्ड फोरलेग्ज’ ठेवलं होतं. फ्रिकेला तो चालताना दिसला नाही. तो तरंगत होता. पण पर हलवण्याची रीत बघा : पुढचा डावा आणि मागचा उजवा एकत्र, मग उलट. भिंतीवरची पाल चालते ना, किंवा दुडकी चालीतला घोडा, तशी. पाण्यात, काहीही न चालता, चालण्याची लय.

अजून एक विचित्र गोष्ट दिसली, मधूनच तो डोकं खाली, शेपटी वर करून शांत उभा राहायचा. त्याच्या नाकाडात विजेच्या अगदी मंद लहरी ओळखणारं इंद्रिय आहे, त्याने तो खालचं भक्ष्य हेरत असावा असं मानतात. मणक्याच्या जागी द्रवाने भरलेली नळी. कवटीत मधोमध सांधा, त्यामुळे तोंड जास्त उघडतं. मेंदू इतका लहान की कवटीतली बहुतेक जागा चरबीने भरलेली. (कोणाची आठवण आली असेल तर कमेंटमध्ये टॅग करू नका.) दिवसा लाव्हाच्या गुहांमध्ये, कधी एकेका गुहेत दहा-बारा मिळून, कोणी कोणाला त्रास न देता. रात्री बाहेर, प्रवाहाबरोबर वाहत, मिळेल ते खात. ऊर्जा खर्च करायचीच नाही, हा त्याचा जगण्याचा हिशोब. तिकडे खाणं कमी, थंडी जास्त, मग धावपळ करून मिळवणार काय?

आता खरा मुद्दा. हा मासा जगतो किती?

बरीच वर्षं अंदाज होता २० वर्षांचा. माशाचं वय खवल्यांवरून काढतात. झाडाच्या खोडात वर्षाला एक वलय पडतं तसं. सीलाकांथच्या खवल्यावर मोजक्या ठळक रेघा दिसायच्या आणि त्यावरून वय ठरायचं. पण ते जुळत नव्हतं. इतका मंद मासा, इतका कमी श्वास, आणि वाढ मात्र ट्यूनासारखी झपाट्याने? २०२१ मध्ये केलिग माहे आणि त्यांच्या फ्रेंच सहकाऱ्यांनी संग्रहालयात जपलेल्या २७ माशांचे खवले ध्रुवीकृत प्रकाशाखाली ठेवून पाहिले. ध्रुवीकृत म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश, काही गॉगल त्याच तत्त्वावर चालतात. आणि ठळक रेघांच्या मधोमध बारीक बारीक रेघा दिसल्या, ज्या आजवर कोणाला दिसल्या नव्हत्या. वर्षाची रेघ खरी ती होती.

हिशोब नव्याने मांडला. हा मासा शंभरीच्या आसपास जगू शकतो. त्या २७ मध्ये एक ऐंशीच्या पुढचा होता. मादी वयात येते साधारण पन्नाशी उलटल्यावर. आणि सीलाकांथची पिल्लं आईच्या पोटात वाढतात, मोठ्या संत्र्याएवढ्या अंड्यांतून, आणि पूर्ण मासा होऊनच बाहेर येतात. न जन्मलेल्या दोन पिल्लांच्या खवल्यांवरच्या रेघा मोजल्या, तर त्या निघाल्या पाच.

पाच वर्षं. जन्माआधी. हत्तीण बावीस महिने पोटात पिल्लू सांभाळते म्हणून आपण तोंडात बोट घालतो. ही मासोळी, म्हणजे समजा, तुम्ही अकरावीत असताना गाभण राहिली, तर तुमचं कॉलेज संपत आलं तरी अजून पिल्लं पोटातच.

थोडं गणित करू. १९७० साली जन्मलेली सीलाकांथ मादी. तिला पहिली पिल्लं व्हायची तर २०२५ उजाडून गेलेलं असेल. तोवर अर्धं शतक तिने फक्त मरायचं टाळायचं. या हिशोबात ‘यंदा कमी आले, पुढच्या वर्षी येतील’ हे होतच नाही. बांगडा किंवा पेडवे यांचं तसं होऊ शकतं, एक वर्ष खराब गेलं तर दोन-तीन वर्षांत साठा सावरतो. सीलाकांथची एक मादी गेली की तिची जागा भरायला दोन मानवी पिढ्या.

म्हणून ती कमेंट मला खटकली. पुरून उरणार कसा? डायनासोर गेले तेव्हा हा वाचला, कारण काहीही असेल. पण त्याच्या आजवरच्या जगण्याचं एक सोपं कारण असं की तो जिथे राहायचा तिथे कोणी जात नव्हतं. कड्याच्या गुहेत, अंधारात, दीडशे मीटर खाली. कोमोरोसचा कोळी लाकडी होडीतून हाताने दोरी सोडायचा, आणि वर्षाकाठी मोजके गोंबेसा चुकून लागायचे.

आता तिथे जाळं पोचलंय. पूर्व आशियात शार्कच्या पंखांच्या सूपची मागणी गेल्या काही दशकांत इतकी वाढली की मादागास्कर, टांझानिया या किनाऱ्यांवर शार्कसाठी मोठ्या फासांची जाळी लावायला लागले. किनाऱ्याजवळचे शार्क संपत गेले तशी ही जाळी खोल खोल जाऊ लागली. भिंतीसारखं जाळं, खाली वजन, रात्रभर तसंच सोडून द्यायचं, सकाळी ओढायचं. आणि रात्र हीच सीलाकांथची बाहेर पडायची वेळ. टांझानियात २००३ पासून काही वर्षांत एवढे सीलाकांथ वर आले की शास्त्रज्ञ चक्रावले. आधी आनंद, अरे वा, इथेही आहेत! मग लक्षात आलं की ‘इथेही आहेत’ हे आपल्याला त्यांच्या प्रेतांवरून कळतंय.

यात कोळ्यांना शिव्या घालून मला मोकळं व्हायचं नाहीये. ज्याच्या घरी चूल त्या जाळ्यावर पेटते, त्याला शार्क हवाय. सीलाकांथचं तो करणार काय? खाता येत नाही, विकता येत नाही. आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आहे. आफ्रिकेकडची जात ‘अतिशय धोक्यात’ या यादीत आहे. पण बंदी विकण्यावर लागते, अडकण्यावर कशी लावणार? आणि जिवंत अडकला तरी परत सोडून फारसा उपयोग होत नाही. थंड, खोल पाण्यातून गरम पृष्ठभागावर आला की काही तासांत मरतो. वजन बांधून त्याला पटकन खाली पोचवायची युक्ती सुचवली गेली, पण रात्री दोन वाजता, हलत्या होडीत, दीड मीटरच्या माशाबरोबर ते करायला कोण थांबेल ते तुम्हीच सांगा.

जिथे काही फरक पडला ती जागा कोमोरोसच. तिथल्या लोकांना हळूहळू कळलं की ज्याला आपण बेकार मासा म्हणतो तो बघायला जग धडपडतंय. आज त्यांच्या राष्ट्रीय फुटबॉल संघाचं टोपणनावच ‘द सीलाकांथ्स’ आहे. २०२२च्या जानेवारीत हा संघ पहिल्यांदाच आफ्रिका कपात खेळला आणि घानाला ३-२ ने हरवलं. बाद फेरीत यजमान कॅमेरूनविरुद्ध त्यांचे गोलकीपर दुखापत आणि कोविडमुळे बाहेर, म्हणून चक्क बचावफळीतला एक खेळाडू ग्लोव्ह्ज घालून उभा राहिला. हरले, पण फक्त २-१ ने. यूट्यूबवर आहे, बघा. नंतर.

शेवटी चौघांपैकी एकीने विचारलेला प्रश्न : जिवंत सीलाकांथ कुठे बघायला मिळेल? ॲक्वेरियममध्ये नाही, कारण तिथे तो आजवर टिकलेलाच नाही. दक्षिण आफ्रिकेच्या सोडवाना उपसागरात २००० साली पाणबुड्यांना शंभर मीटरच्या थोडं खाली काही दिसले. त्या खोलीवर जाणं धोक्याचं असतं. पुढच्याच महिन्यात चित्रीकरणाला गेलेल्या गटातल्या एकाचा जीव गेला. त्यामुळे आपल्यासाठी फिल्म. फ्रिके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढलेल्या चित्रणात एक कामाची गोष्ट आहे : प्रत्येक माशाचे पांढरे ठिपके वेगळे असतात, आपल्या बोटांच्या ठशांसारखे. त्यावरून त्यांनी एकेक मासा ओळखून नोंदवला, आणि नंतरच्या वर्षांत पुन्हा उतरल्यावर त्यांतले काही त्याच परिसरात परत दिसले.

आणि तो पहिला, चादरीत गुंडाळलेला, तो ईस्ट लंडनच्या संग्रहालयात अजून आहे. पेंढा भरलेला, रंग उडालेला. लॅटिमरबाई २००४ साली गेल्या, ९७ वर्षांच्या होऊन. खवल्यांचा नवा हिशोब यायच्या १७ वर्षं आधी.

पुढच्या भागात जमिनीवर येऊ, सह्याद्रीच्या सड्यांवर, आणि पावसाळ्यात आठ दिवस फुलणाऱ्या एका झुडपाबद्दल बोलू. रील पाठवत राहा. भेटू.